हुली, पुली, वाघ

कन्नडातली ‘हुली’ तेलुगूत ‘पुली’ होते, एवढ्या भांडवलावर मी आदिलाबादला मामांकडे गेलो. तिथे मराठीवरच भागले, ही गोष्ट वेगळी! मामांनी पैनगंगा ओलांडून टिपेश्वर अभयारण्य दाखवले. २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेला इथलाच एक वाघ तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला; चाल सुमारे ३,००० किलोमीटर. वाटाड्याने हे अभिमानाने सांगितले. मग सहज म्हणाला, “मागच्या साली आमची गाभण गाय नेली वाघानं.”

“भरपाई?” मी वाणिज्य शाखेच्या सवयीने विचारले.

“गायीची भेटली. पोटातल्या वासराची कोण देते?”

या नोंदीला खाते कोणते, मला सुचेना. तेवढ्यात सांबर ओरडले. जिप्सी थांबली, आणि आम्हां सर्वांच्या आधी तोच उठून उभा राहिला.