बाबांचं तिसरं बटण

माझ्या लॅपटॉपवर 'बाबा_हात_फायनल_३' नावाची एक एक्सेल फाइल आहे. (फायनल १ आणि २ सुद्धा आहेत, आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नकोच.)

मागच्या वर्षी फेब्रुवारीत बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू. पाय दोनेक महिन्यांत बऱ्यापैकी आला, काठी घेऊन का होईना पण सोसायटीला एक चक्कर मारायला लागले. बोलणं नशिबाने शाबूत राहिलं, त्यामुळे रागावणंही शाबूत. राहिला तो हात. गंमत म्हणजे मूठ वळायची, पण उघडायची नाही. पेला धरला की डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागायचं. आम्हाला वाटलं ताकद कमी पडतेय, म्हणून आईने दाबायला स्पंजचा बॉल आणला. फिजिओ मॅडमनी तो पहिल्याच दिवशी काढून घेतला. "काका, दाबायला येतंयच की. आपल्याला उघडायचंय."

त्यांच्याच सेंटरवर रोबोची ओळख झाली. रोबो म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसलं काही नाही हो. टेबलावर एक खोकं, आत मोटर, बाहेर आलेलं हँडल आणि समोर स्क्रीन. हात पट्ट्यांनी हँडलला बांधायचा. स्क्रीनवर वरून फळं पडतात, खाली टोपली. बोटं उघडली की टोपली उजवीकडे, मिटली की डावीकडे. बाबा प्रयत्न करतात, यंत्र थोडा वेळ वाट बघतं आणि नाहीच जमलं तर जेवढं कमी पडतंय तेवढंच ढकलतं. पुढे जमायला लागलं की स्वतःचं ढकलणं कमी करत जातं.

कंट्रोल सिस्टिम्स या विषयात मी कसाबसा पास झालो होतो. तो विषय कशासाठी असतो ते त्या खोलीत कळलं. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स वगैरे मंडळींनी १९८९ च्या सुमारास 'एमआयटी-मानुस' बनवायला घेतला. तो खांदा आणि कोपरासाठी होता, मनगटाची आणि बोटांची यंत्रं नंतर आली. कारखान्यातला रोबो ठरलेला मार्ग सोडत नाही, मध्ये माणूस आला तर माणसाचं वाईट. इथे उलट हवं. पेशंटने ढकललं तर रोबोने सरकायचं, स्प्रिंगसारखं. आणि ती स्प्रिंग किती कडक ठेवायची ते सॉफ्टवेअरने ठरवायचं. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीने आणि आयआयटी मद्रासने मिळून 'प्लूटो' केलाय. त्यात मोटर एकच, हँडलं बदलायची. मनगटाचं वेगळं, मूठ उघडमीट करायचं वेगळं. असलं डिझाइन बघितलं की मला उगीचच आपण केल्यासारखा आनंद होतो.

रोबो लागतोच कशाला? तर मोजणीसाठी. मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण शेजारच्या भागांना काम शिकवता येतं. मात्र तीच हालचाल पुन्हा पुन्हा, शेकड्यांनी व्हायला हवी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताने काही काम करायच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या होत्या. रोबो एका सत्रात हजारापर्यंत जातो. दमत नाही, कंटाळत नाही, पुढचा पेशंट बाहेर थांबलाय म्हणून घाई करत नाही.

बोटं उघडायचा कोन ९ अंशांवरून ३१ वर गेला. मी आलेख काढला, ट्रेंडलाइन टाकली आणि फॅमिली ग्रुपवर पाठवला. आत्याने हात जोडलेले पाठवले. बाबांनी चष्मा लावून आलेख बघितला आणि विचारलं, "म्हणजे बटण लागेल?"

बाबा आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट खोचून वावरलेले. टी-शर्ट घाला म्हटलं की आईशी भांडण ठरलेलं.

आमची वेळ साडेनऊची आणि मला अकराला हिंजवडीत मीटिंग. एकदा खाली रिक्षा थांबली होती आणि बाबा दुसऱ्या बटणावर अडले होते. मी सटासट सगळी लावून टाकली. सेंटरवर मॅडमनी सहज विचारलं, "काका, शर्टाची बटणं कोण लावतं?" बाबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"रोज?"

रोजच. खरं तर एप्रिलपासून. बोटं उघडायची प्रॅक्टिस करायला आम्ही पैसे भरत होतो आणि तिथे वेळेवर पोचायचं म्हणून मी त्यांची बटणं लावत होतो. कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या कुणाचा असा बग सापडला असता तर मी आठवडाभर चिडवलं असतं.

त्या रात्री वाचत बसलो. २०१० मध्ये अमेरिकेत १२७ माजी सैनिकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे माणसाने तेवढ्याच हालचाली करून घेतल्या तेव्हा रोबो काही सरस ठरला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधली ७७० जणांची चाचणी आली. रोबोवाल्यांच्या हाताची हालचाल मोजमापात थोडी सुधारली, पण रोजच्या कामात त्याचा उपयोग दिसला नाही. म्हणजे माझी एक्सेल फाइलच की! एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञाचे माकडांवरचे जुने प्रयोगही वाचले. एका हाताची संवेदना गेलेलं माकड तो हात वापरणंच सोडून देतं. चांगला हात बांधून ठेवला की तोच 'निकामी' हात पुन्हा वापरायला लागतं. हात वापरायचा नाही हेसुद्धा ते शिकलेलं असतं. बाबांना हे शिकवायला घरी आम्ही दोन शिक्षक होतो, मी आणि आई.

सत्रं आम्ही चालू ठेवली आहेत, आठवड्यातून तीनाची दोन केली. पण घरात नियम झालाय, बटणांना कुणी हात लावायचा नाही. आईला हे फार जड जातं, ती सरळ स्वयंपाकघरात निघून जाते. मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहतो. यंत्र वाट बघतं तेवढी मला अजूनही बघवत नाही, दर मिनिटाला घड्याळाकडे लक्ष जातं.

आज शनिवार. पहिलं बटण चार मिनिटं, दुसरं तीन. तिसरं तीनदा निसटलं, मग लागलं. पुढची दोन त्या मानाने पटकन. आरशात बघितल्यावर लक्षात आलं की एक काजं वर सोडून बसलंय, शर्ट एका बाजूला लोंबतोय. मला वाटलं, चालतंय की, कोण बघतंय! तोंडापर्यंत आलंसुद्धा.

बाबांनी काही न बोलता खालून एकेक बटण काढायला सुरुवात केली.

मी गॅलरीत जाऊन रिक्षावाल्याला हाताने खूण केली, अजून पंधरा मिनिटं.