विहिरीवरचं इंजिन

पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीवरचं ऑईल इंजिन आता पत्र्याच्या छपरात गोणपाट पांघरून उभं असतं. ते चालू करायला ताकदीपेक्षा हातोटी लागायची. तात्या डाव्या हाताने डीकॉम्प्रेशनची पट्टी धरून उजव्या हाताने हँडल मारत. फ्लायव्हीलने वेग घेतला की पट्टी सोडायची. एक ठसका, काळ्या धुराचा लोट, आणि मग त्याचा टुकटुक ठेका पार मळ्याच्या बांधापलीकडे जाई. इंजिनाला गार करून आलेलं कोमट पाणी बारक्या नळीतून दंडात पडे. थंडीत आम्ही पोरं त्याखालीच हात-तोंड धुवायचो.

कष्टाळू जीव. पण पाणी पंचवीसेक फुटांखाली गेलं की पंपाला ओढ लागत नसे. मग विहिरीच्या पोटात खडक फोडून ओटा केला आणि तिकाटीवर चेनपुली लावून इंजिन खाली उतरवलं. मिरगाआधी ते पुन्हा वर घ्यायचं. दोन-तीन उन्हाळ्यांनी आणखी एक ओटा, आणखी खाली. डिझेल तेवढंच जळे, रान मात्र कमी भिजे. विहीर आटली नव्हती, झरे चालू होते. तिचे भरीचे दिवस सरल्याचं आम्हाला कळलं ते डिझेलच्या कॅनवरून.

जगातल्या तेलाचं उत्पादन शिखरावर पोचलं का, अशी चर्चा निघाली की मला ते ओटे दिसतात. अमेरिकेचं उत्पादन १९७०च्या सुमारास कळस गाठेल, असं भूवैज्ञानिक हबर्ट यांनी १९५६ साली सांगितलं होतं. तो कळस १९७० सालीच आला. पुढे शेलचा खडक फोडून निघालेल्या तेलाने २०१८ साली तो आकडाही मागे टाकला. हबर्ट चुकले असं म्हणणाऱ्यांनी त्या खडक फोडण्याचा खर्चही मोजावा. तेल संपलं नाही, सोपं तेल सरत चाललंय, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दारातच बघा. १९७४च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या तेलखोदाईच्या जहाजाने समुद्रातल्या बॉम्बे हायला तेल शोधलं, २१ मे १९७६ला ते निघू लागलं. बहात्तरच्या दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या तेलटंचाईने पोळलेल्या देशाला केवढा आधार झाला तो! ऐंशीच्या दशकात तिथला उपसा भरात होता. पुढे ओसरला. आता तेल वर ढकलायला खडकात पाणी सोडावं लागतं. २०२५च्या जानेवारीत ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी कंपनीला दहा वर्षांकरता तांत्रिक मदतीला घेतलं. हा समुद्रातला खालचा ओटाच.

विहिरीवर आता सोलर पंप आहे, दिवसा ऊन असेतो चालतो. दिवाळीत गावी गेलो तेव्हा गोणपाट काढून हँडल मारून पाहिलं. टाकीत थेंब नव्हता, पण पट्टी सोडताच फ्लायव्हील जागच्या जागी अडलं. कॉम्प्रेशन अजून शाबूत आहे. विहिरीत वाकून पाहिलं. खालचा ओटा पाण्यात होता, वरच्यावर इंजिन आवळायचे चार गंजके बोल्ट तसेच उभे होते.