कोकणीपुरा ते मुंबई नाका

मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. जुन्या नाशकातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते नाव अजून येतं. आमचं घर कोकणीपुऱ्यात. इथून मुंबई नाका रिक्षाने काही मिनिटांवर आहे, पण गेल्या वर्षभरात अब्बांबरोबर तो रस्ता मी 11 वेळा केला आणि दर वेळी तो थोडा वेगळा वाटला. दूध बाजार, सारडा सर्कल, गडकरी चौक आणि मग मुंबई नाका. सकाळी साडेसातला दुकानांची शटरं बंद, दुधाच्या किटल्या फिरत असलेल्या, आणि अब्बा उपाशीपोटी. रक्त द्यायचं असल्यामुळे चहासुद्धा नाही.

अब्बांना 14 वर्षांपासून मधुमेह आहे. मुंबई नाक्याच्या एका खासगी रुग्णालयात त्यांचे डॉक्टर एका नव्या औषधाच्या अभ्यासात काम करतात. त्यांनी विचारलं, "चाचा, भाग घ्याल का?" नेहमीची औषधं चालूच राहणार होती. त्यांच्या जोडीला रोज एक कॅप्सूल, 52 आठवडे. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये नवं औषध, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये औषधच नाही. रंग, आकार, डबी सगळं सारखं. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. वाटणी संगणक करतो. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात.

घरी पहिला आवाज अम्मीचा. "म्हणजे वर्षभर रिकामी कॅप्सूल खायला तिथे जायचं? आंधळी कोशिंबीर आहे का ही?"

अम्मीची भीती निराधार नव्हती. आमच्या भागात रुग्णालय म्हटलं की एप्रिल 2021 आठवतो. कथड्यातल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि श्वासासाठी झगडणारी माणसं गेली. त्यात औषधांच्या चाचण्यांबद्दल वर्तमानपत्रांत आलेलंही लोकांच्या लक्षात आहे. गरिबांना न सांगता चाचण्यांत घेतलं जातं अशी तक्रार घेऊन इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यानंतर नियम कडक झाले आणि 2019 मध्ये नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांची नियमावली आली.

म्हणून अब्बांनी सही करायला आठ दिवस घेतले. संमतीपत्र मराठीत होतं. अब्बा मराठी बोलतात, पण वाचायची सवय उर्दूची. त्यांनी उर्दू प्रत मागितली. रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती देणं बंधनकारक आहे, त्यामुळे ती मिळाली. रात्री जेवणानंतर ते एकेक पान मोठ्याने वाचत आणि अम्मी मध्येच थांबवत. केव्हाही बाहेर पडता येईल का? येईल, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडणार नाही. इजा झाली तर? उपचार मोफत, आणि ती चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई. साखर फार वाढली तर? ठरलेल्या मर्यादेपुढे गेल्यास जादा औषध देणार. जीव धोक्यात आला तर? तेव्हा डबीचा सांकेतिक क्रमांक उघडून औषध कोणतं ते पाहता येतं. शेवटच्या पानावर नीतिमत्ता समितीचा फोन नंबर होता. अम्मीने तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

एक प्रश्न मात्र कागदावर नव्हता. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, ते कशाचं? अब्बांनी तो सरळ विचारला. समन्वयक मुलीने तो कंपनीकडे पाठवला आणि चार दिवसांनी लेखी उत्तर आलं की आवरण वनस्पतिजन्य आहे. तिने सांगितलं, असं विचारणारे अब्बा पहिलेच नव्हते. शाकाहारी कुटुंबंही हेच विचारतात.

खाला मालेगावला असतात, आग्रा महामार्गाने साधारण 100 किलोमीटरवर. फोनवर त्यांचा एकच आग्रह. "काढा प्या, काढा! आमच्या गावाला त्यानेच वाचवलं." 2020 च्या एप्रिल-मेमध्ये मालेगाव कोरोनाने हादरलं होतं. मन्सुऱ्याच्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजच्या युनानी काढ्याचं नाव तेव्हा घरोघर झालं. पुढे साथ ओसरली आणि श्रेय काढ्याला मिळालं. श्रेय खरं असेलही. पण त्याच काळात लोकांनी काळजी घेतली होती, अनेकांना संसर्ग होऊन गेला होता, बाहेरून डॉक्टर आले होते. यांतलं कशाने किती काम केलं?

हा प्रश्न नाशिकमध्येच गांभीर्याने घेतला गेला. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 1998 मध्ये स्थापन झालेलं. राज्यातली ॲलोपॅथीची, आयुर्वेदाची, युनानीची महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. कुलगुरू लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर यांच्या काळात, 2022 मध्ये, विद्यापीठाने 'मालेगाव मॅजिक' नावाने अभ्यास हाती घेतला. एका रविवारी पंचवटी ओलांडून मी अब्बांना तिकडे फिरवून आणलं. फाटकाबाहेर उभे राहून ते म्हणाले, "खालाला सांग, काढा खोटा आहे असं कोणी म्हणत नाही. पण निम्म्या गावाला काढा आणि निम्म्याला तसाच दिसणारा, तशाच चवीचा पाणचट अर्क दिला असता, तर आज भांडावं लागलं नसतं."

मला हसू आलं, पण सहा महिन्यांपूर्वी ते असं बोलले नसते.

तुलनेची ही कल्पना परकीही नाही. बगदादच्या रुग्णालयात काम केलेल्या अल-राझींनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी सरसामच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं रक्त काढलं, दुसऱ्याचं मुद्दाम काढलं नाही, आणि फरक पाहिला. इब्न सिनांनी 'अल-कानून'मध्ये औषध पारखण्याचे नियम लिहिले. त्यांत एक असा की परीक्षा माणसावरच झाली पाहिजे, कारण घोड्यावर किंवा सिंहावर जो परिणाम दिसतो तो माणसावर दिसेलच असं नाही. डोळे झाकण्याची पद्धत पुष्कळ नंतर आली. ती आली कारण औषध घेतलंय या विश्वासानेच माणसाला बरं वाटू लागतं, आणि डॉक्टरलाही आपल्या औषधाचा गुण जरा जास्तच दिसतो. दोघांनाही माहीत नसेल तर आकडे कोणाची बाजू घेत नाहीत.

खरी कसोटी रमजानमध्ये लागली. कॅप्सूल सकाळी नाश्त्याबरोबर घ्यायची होती. अब्बा रोजे सोडायला तयार नव्हते आणि मनाने वेळ बदलणंही त्यांना पटत नव्हतं. "मी वेळ बदलली आणि सांगितलं नाही, तर माझा आकडा खोटा. तो आकडा उद्या दुसऱ्या कोणाच्या औषधाला लागणार." रमजानपूर्वी सहा-आठ आठवडे डॉक्टरांशी बोलावं असा सल्ला मधुमेही रोजेदारांना दिला जातो, तसे आम्ही गेलो. डॉक्टरांनी अब्बांचा धोका तपासला, नेहमीच्या औषधांच्या वेळा बदलल्या आणि कॅप्सूलबद्दल वर विचारणा केली. इफ्तारनंतर घ्यायला परवानगी आली आणि तशी नोंद झाली. एक अट बजावून सांगितली. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. इमामसाहेबांनीही तेच सांगितलं, की जिवाला धोका असेल तर शरियतने सवलत दिली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. बोटातून रक्त काढून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यांनी समजावलं.

अकराव्या रोज्याला दुपारी चार वाजता मीटरवर 66 आलं. अब्बा पडून होते, कपाळावर घाम. "दोन तास तर राहिलेत," ते म्हणाले. अम्मीने उत्तर दिलं नाही. खजूर आणि पाणी पुढे केलं आणि समोर बसून राहिली. अब्बांनी खजूर उचलला. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात कळवलं. त्यांनी नोंद घेतली आणि नेहमीच्या गोळ्यांपैकी एकीची मात्रा कमी केली. पुढचे रोजे नीट गेले. तो एक रोजा अब्बांनी ईदनंतर कझा म्हणून ठेवला.

आता 52 आठवडे संपले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी सुरुवातीला 8.6 होती, शेवटी 7.7 आली. भाचा म्हणतो औषधच मिळालं असणार. अम्मी म्हणते, वर्षभर मी गोड कपाटात बंद ठेवलं त्याचं काय? अब्बा फज्रनंतर पिंजारघाटाकडून बडी दर्ग्यापर्यंत चालू लागले होते, तेही खरं. तिघांपैकी कोण बरोबर हे सगळ्या केंद्रांवरचं काम संपून डब्यांचे क्रमांक उघडले जातील तेव्हा कळेल. एकट्या अब्बांच्या आकड्यावरून तर तेव्हाही पक्कं सांगता येणार नाही. त्यासाठीच इतकी माणसं घेतात.

शेजारचे दोघेजण आता अब्बांकडे विचारायला येतात, आपण भाग घ्यावा का म्हणून. अब्बा हो किंवा नाही सांगत नाहीत. प्रश्न सांगतात. चाचणी सरकारच्या नोंदणी यादीत आहे का? 2009 पासून ती नोंद सक्तीची आहे. चालू उपचार थांबणार आहे का? कागद तुमच्या भाषेत आहे का, आणि सहीची प्रत तुमच्या हातात मिळणार का? काही झालं तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? एवढ्याची उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका, आणि उत्तरं ऐकताना घरातल्या बाईला शेजारी बसवा. बारीक अक्षरातलं तीच वाचते.