ग्वाल्हेर, सचिन आणि मामांचा नियम 42

ग्वाल्हेरला जाणारे लोक आधी किल्ला बघतात, मग जयविलास पॅलेस, मग फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी. डिसेंबर 2024 मध्ये बॉस्टनहून सुट्टीवर गेलो तेव्हा माझा क्रम जरा चुकला. पहिल्याच सकाळी मी मामांना आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर निघालो. बायको म्हणाली, "मॅच नसताना स्टेडियम बघायला कोण जातं?" तिचं बरोबर होतं. पण मला मामांशी एक जुनं बोलणं करायचं होतं, आणि घरात ते जमलं नसतं.

माझं आजोळ लष्करातलं. लष्कर म्हणजे मिलिटरी नव्हे, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं गाव. महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत अजूनही दारावर मराठी आडनावं दिसतात आणि आतून येणारं मराठी ऐकून पुणेकरांच्या कपाळाला आठ्या पडतात. तिथे लाइट जात नाही, 'बत्ती' जाते. बटाट्याची भाजी नसते, 'आलूची सब्जी' असते. लहानपणी दर दिवाळीत आई आणि मी कल्याणहून पंजाब मेलने निघायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला उतरायचो. स्टेशनवर मामा उभे असायचे, हातात गजकचा पुडा.

मामा बँकेत होते, पण त्यांची खरी नोकरी रविवारची. ते गावातल्या क्लब सामन्यांना पंच म्हणून उभे राहत. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, आणि कोटाच्या उजव्या खिशात सहा गुळगुळीत खडे. एक चेंडू पडला की एक खडा डाव्या खिशात. मी गेलो की मला बरोबर न्यायचे आणि गुणलेखकाच्या शेजारी बसवायचे. क्रिकेट मी तिथे शिकलो, टीव्हीवर नाही.

2001 ची भाऊबीज 16 नोव्हेंबरला होती. त्याच दिवशी पोर्ट एलिझाबेथला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांची दुसरी कसोटी सुरू झाली. आईने मामांना ओवाळलं तेव्हा मामांची मान टीव्हीकडे वळलेली होती, हे मला पक्कं आठवतं. त्या कसोटीत सचिनने काही षटकं टाकली, चेंडू छान हलत होता. कॅमेऱ्याने जवळून दाखवलं की तो अंगठ्याने चेंडूची शिवण घासतो आहे. सामना अनिर्णित राहिला, पण तो संपता संपता सामनाधिकारी माइक डेनिस यांनी एकदम सहा भारतीयांना शिक्षा केली. सेहवाग, हरभजन, शिवसुंदर दास आणि दीप दासगुप्ता यांना अपिलांवरून. कर्णधार गांगुलीला संघ आवरला नाही म्हणून. आणि सचिनला चेंडूमुळे. त्याला मानधनाच्या 75 टक्के दंड आणि एका कसोटीची बंदी, तीही लगेच लागू न होणारी. प्रत्यक्ष बाहेर बसावं लागणार होतं ते एकट्या सेहवागला. पण देशभर गाजला तो एकच शब्द: सचिनने चेंडू कुरतडला.

पुढचं अनेकांना आठवत असेल. कोलकात्यात डेनिस यांचे पुतळे जाळले, संसदेत विषय निघाला, दालमियांनी आयसीसीशी उभा दावा मांडला. दोन्ही मंडळांनी सेंच्युरियनच्या तिसऱ्या सामन्याला डेनिसना उभं केलं नाही आणि आयसीसीने त्या सामन्याचा कसोटीचा दर्जाच काढून घेतला.

आमच्या आजोळी हा खटला संध्याकाळी सातला चबुतऱ्यावर उभा राहायचा. अध्यक्ष माझे आजोबा, म्हणजे नाना. बाजूला त्यांचे चार-पाच मित्र, शेंगदाणे, आणि पायरीवर आम्ही पोरं. एकाचं म्हणणं, गोऱ्यांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही. दुसऱ्याचं, पोलॉक एवढा ओरडतो, त्याला कोणी काही केलं का? तिसरा म्हणाला, मैदानावरच्या पंचांनी तक्रार केली नाही, मग या माणसाला टीव्हीत काय दिसलं? नानांचा मुद्दा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत भारी होता. "सचिन? अरे, सचिन असं करेल का?" यावर बोलणं संपायचं.

त्या दिवशी मामा बँकेतून आले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, "नाना, त्याने गवतच काढलं असेल. माझी खात्री आहे. पण पंचांना दाखवून काढलं का?"

कोणी काही बोलेना. मामांनी आतून नियमांचं पुस्तक आणलं. नियम 42. चेंडूला लागलेला चिखल-माती काढायला मनाई नाही, पण ते पंचांच्या देखरेखीखाली करायचं. "न विचारता केलं, तर नियम मोडला. दंड बरोबर आहे."

"म्हणजे तो लबाड?" नाना.

"लबाड म्हणालो नाही मी. लबाडी वेगळी, नियम मोडणं वेगळं."

आज हे वाचताना किती साधं वाटतं! त्या संध्याकाळी तो घरभेदीपणा होता. नानांचे मित्र एकेक करून उठले. आणि मी, वय वर्षं बारा, खोलीत सचिनची तीन पोस्टरं, पायरीवरून मोठ्याने म्हणालो, "मामा, तुम्हाला कधी टीममध्ये घेतलं नाही ना, म्हणून तुम्ही जळता."

ते खरं होतं एवढंच की मामांना कधी टीममध्ये घेतलं नव्हतं. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीला ते तीनदा गेले होते, हे मला आजीने कौतुकाने सांगितलं होतं. मी ते असं वापरलं. आईने हात उगारला, पण मामांनीच तिला थांबवलं. पुस्तक मिटून आत गेले. नाना आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत आणि मला मात्र त्या रात्री दोन जिलब्या जास्त मिळाल्या. रविवारी मामा कोट घालून दारात उभे राहिले, "येतोस?" मी नाही म्हणालो. पुढच्या दिवाळीतही नाही म्हणालो, मग त्यांनी विचारणं सोडलं. मामांना पंच म्हणून उभं राहिलेलं मी परत कधी पाहिलं नाही.

आपल्या मंडळातल्या बहुतेकांना 2015 चा जानेवारी आठवत असेलच. मला बॉस्टनला येऊन वर्षही झालं नव्हतं, अमेरिकन फुटबॉलमधलं शष्प कळत नव्हतं. फॉक्सबरोला पेट्रियट्सनी कोल्ट्सना 45-7 ने धुतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात फक्त हवेवर चर्चा. चेंडूत हवेचा दाब 12.5 ते 13.5 पीएसआय हवा, पेट्रियट्सच्या चेंडूंत तो कमी भरला, म्हणजे टॉम ब्रेडीने पकड सोपी व्हावी म्हणून हवा काढायला लावली, असा आरोप. आमच्या टीममधला एक अस्सल बॉस्टनकर जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "टॉम? टॉम असं करेल का?"

माझा घास हातातच राहिला. नाना! फक्त शेंगदाण्यांच्या जागी चिप्स.

समोर न्यूयॉर्कचा एक होता. त्याला अहवाल यायच्या आधीपासूनच ब्रेडी चोर आहे हे माहीत होतं. दोघेही इंजिनिअर. रोज प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की 'लॉग कुठे आहे' हा पहिला प्रश्न विचारणारी माणसं. इथे मात्र लॉग कोणाला नको होता. थंडीत दाब आपोआप कमी होतो हे बारावीचं भौतिकशास्त्र बॉस्टनकराने बरोबर मांडलं, पण ब्रेडीने आपला मोबाइल नष्ट करायला लावला यावर तो गप्प. न्यूयॉर्कवाल्याचं उलटं. मे महिन्यात 243 पानांचा वेल्स अहवाल आला. ब्रेडीला याची कल्पना असण्याचीच शक्यता जास्त, असा त्याचा सावध सूर. चार सामन्यांची बंदी, मग वर्षभर कोर्टकचेऱ्या, अखेर 2016 मध्ये त्याने ती भोगली आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. टेबलावरच्या दोघांपैकी एकाचंही मत तसूभर बदललं नाही.

मी तो अहवाल बराचसा वाचला. आणि त्या रात्री, चौदा वर्षांनी, पहिल्यांदा नियम 42 स्वतः वाचला. पोर्ट एलिझाबेथबद्दलही वाचलं. आयसीसीच्या बाजूनेही नंतर हेच सांगितलं गेलं होतं की ठपका पंचांना न विचारता चेंडू साफ केल्याचा होता. सचिन आपल्या आत्मचरित्रात म्हणतो की तो अंगठ्याने गवत काढत होता. म्हणजे नाना बरोबर होते, सचिन लबाड नव्हता. आणि मामाही बरोबर होते, शब्दन् शब्द. फरक एवढाच की मामांनी पुस्तक उघडून बघितलं होतं. मी लगेच ग्वाल्हेरला फोन लावला. मामांनी विचारलं, "बर्फ पडतोय का रे?" मी म्हणालो, "हो, खूप." आणि बाकीचं राहूनच गेलं. पुढची नऊ वर्षं राहिलं.

तर रूपसिंग स्टेडियम. चौकीदार मामांना ओळखत होता, "अंपायर साब" म्हणत त्याने आत सोडलं. हे मैदान मुळात हॉकीचं, नावही हॉकीपटूचं. रूपसिंग म्हणजे ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ, शिंद्यांच्या फौजेत कॅप्टन. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं, त्यात एकट्या रूपसिंगांचे 10 गोल. माझ्या लेकीला हे ऐकून आपण कोणत्या बाजूचे हा प्रश्न पडला. मग मामांनी तिला ध्यानचंदांच्या स्टिकची गोष्ट सांगितली. हॉलंडमध्ये म्हणे त्यांची स्टिक मोडून बघितली, आत लोहचुंबक आहे का म्हणून. खरीखोटी देव जाणे, पण नानांची ही सर्वांत आवडती गोष्ट होती. दुसऱ्यांनी घेतलेला तो संशय नाना छाती फुगवून सांगायचे. सचिनवरचा ऐकवेना.

मग मामांनी आपली जागा दाखवली. 24 फेब्रुवारी 2010 ला ते इथे बसले होते. मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये टेबलावर उभा होतो. समोर परत दक्षिण आफ्रिका, आणि कर्णधार जॅक कॅलिस, जो पोर्ट एलिझाबेथलाही खेळला होता. सचिन 199 वर आणि स्ट्राइक धोनीकडे. "धोनीने सिक्स मारला आणि लोक त्यालाच शिव्या देऊन राहिले होते," मामा हसत म्हणाले. मग पॉइंटकडे ढकललेली ती एक धाव. 147 चेंडूंत नाबाद 200, पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक. भारत 3 बाद 401. मामांनी टाळ्या वाजवून हात सुजवून घेतला होता, रात्री मामींनी हळद लावली. हे मला माहीतच नव्हतं. सचिनवर मामांचा इतका जीव होता, हे मला नऊ वर्षं उशिरा, छे, तेवीस वर्षं उशिरा कळत होतं.

"मग त्या दिवशी तसं का म्हणालात?"

"कशा दिवशी?" मामांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. "अरे, डेनिसचा मलाही राग होता. सहा जणांना एका फटक्यात शिक्षा, आणि पत्रकारांपुढे बसून तोंडातून शब्द नाही. पंचाने बोट वर करायचं तर सगळ्यांना दिसेल असं करावं. पण डेनिस वाईट म्हणून नियम वाईट होत नाही ना."

2004 मध्ये ब्रिस्बेनला द्रविडने चेंडूला चघळायची गोळी लावली, त्याचं अर्धं मानधन कापलं गेलं, तेव्हाही मामा हेच म्हणाले होते. 2018 मध्ये केपटाउनच्या सँडपेपरवरून आमच्या घरच्या ग्रुपवर ऑस्ट्रेलियाला शिव्यांची लाखोली चालली होती, त्यात मामांचा एकच मेसेज होता: "नियम तोच आहे."

मी म्हणालो, "मामा, मी तेव्हा जे बोललो ते..."

"आठवतंय मला," ते म्हणाले. बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. "तू लहान होतास, तुझं काही नाही. नाना हसले होते, ते लागलं."

मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात. लेक शेजारी होती, तिला काही कळलं नाही, पण तिने मामांचा हात धरला. मामा म्हणाले, "चला, बेडई थंड होईल."

बाहेर येऊन ऑटो केला. ग्वाल्हेरला आता सचिन तेंदुलकर मार्ग आहे. ते नाव निघाल्याबरोबर मामांनी त्यांचा जुना प्रश्न काढलाच, ऑटोवाल्याला. "भैया, 2001 में सचिन ने अंपायर से पूछे बिना गेंद साफ की थी। जुर्माना ठीक था कि नहीं?"

ऑटोवाला तिशीचा असेल. त्याने ऑटो चक्क कडेला घेतला. "सचिन? बाबूजी, सवाल ही नहीं उठता।"

"गवत होतं, मान्य," मी माझ्या मोडक्या हिंदीत मध्ये पडलो, "लेकिन अंपायर को दिखाना चाहिए था। नियम है।"

त्याने मागे वळून आम्हा दोघांना नीट बघून घेतलं. "मराठी होके ऐसा बोलते हो?"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाड्यावर उतरलो तेव्हा ऑटोवाल्याने ठरल्यापेक्षा वीस रुपये जास्त मागितले. मामांनी पाकीट काढायच्या आत मी ते देऊन टाकले.