धार आदल्या रात्रीची

सकाळी घराबाहेर पडताना हात आधी विजारीच्या उजव्या खिशावर जातो. चाकू आहे ना? मग छत्री, मग चपला. गेली २२ वर्षं हा क्रम मोडलेला नाही. मिटला की चाकू मुठीत दिसेनासा होतो, उघडला की पातं जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढं. गडद तपकिरी लाकडाची मूठ, तिच्या आत पितळेचे पत्रे, पाठीला पोलादी कमान. पातं पूर्ण उघडलं की टक् असा एकच आवाज येतो. तो आवाज बद्द झाला की समजायचं, सांध्यात माती गेली.

हा कलमाचा चाकू. रत्नागिरी जिल्ह्यात आमची आंब्याची रोपवाटिका आहे, आणि तिथलं निम्मं काम या एका पात्यावर चालतं. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही. त्या कोयीतून एकच रोप येतं आणि त्यात आईबरोबर कुठल्या तरी बापाचंही रक्त असतं. आंबा येईल, पण तो हापूसच असेल याचा भरवसा नाही. म्हणून रायवळ आंब्याच्या कोया रुजवायच्या आणि त्या रोपांवर हापूसची काडी बांधायची. हापूस हे नाव पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावावरून आलं असं सांगतात. नाव कुठूनही आलेलं असो, तो आंबा पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो कलमामुळेच.

आमचे आबा भेट कलमं बांधायचे. त्यात रोपाची कुंडी मोठ्या झाडापाशी न्यायची, मचाण बांधून फांदीच्या उंचीला ठेवायची, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचं आणि दोन-तीन महिने वाट बघायची. खटाटोप मोठा, पण काप जरा ओबडधोबड गेला तरी निभायचं, कारण सांधा जुळेपर्यंत फांदीला आईचा रस मिळत असायचा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. पुढे त्यांच्या प्रयत्नांतून कोय कलम आमच्याकडे घरोघर पोचलं. कोय कलमात काडी झाडावरून तोडून आणलेली असते. तिच्या अंगात जेवढा ओलावा, तेवढीच तिची शिदोरी. ती संपायच्या आत सांधा जुळला पाहिजे. म्हणून भेट कलमात चुकलेला काप जसा खपतो, तसा कोय कलमात खपत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की काम सुरू होतं. रोप दोन-तीन आठवड्यांचं, पानं अजून तांबूस. कोयीपासून चार बोटं वर शेंडा उडवायचा आणि खुंटाला मधोमध दीड इंचाची चीर द्यायची. काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी. आठ-दहा दिवस आधीच तिची पानं छाटून ठेवलेली असतात, म्हणजे डोळा फुगतो. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढीच दीड इंचाची पाचर तासायची. पाचर चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचं. सालीच्या आत एक पातळ, हिरवट, ओलसर थर असतो. खुंटाचा तो थर आणि काडीचा तो थर एकमेकांना टेकले तर कलम जगतं. दोघांची जाडी जुळत नसेल, तर निदान एका कडेला तरी ते टेकलेच पाहिजेत.

पाचरेची एकेक बाजू एकाच ओढीत निघावी लागते. चाकू बुडापासून टोकापर्यंत सरकवत न्यायचा, दाबायचा नाही. मध्ये थांबलात की तिथे पायरी पडते. पायरी पडली की तिच्याखाली पोकळी राहते, आणि पोकळीत पाणी गेलं की कूज ठरलेली. काप बरोबर आला की नाही हे बघायला मी पाचर पात्याच्या सपाट बाजूवर टेकवतो आणि उजेडाकडे धरतो. मधून उजेड दिसला तर काडी पुन्हा तासायची. नाहीच दिसला तर एक अक्षर न बोलता पुढचं रोप घ्यायचं.

त्यासाठीच या चाकूला एकाच बाजूने धार असते. दुसरी बाजू आरशासारखी सपाट, ती काडीला लागून सरकते. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी धार असते, तिने पाचर तासली तर पृष्ठभाग लाटेसारखा येतो. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला आधीच सांगून ठेवतो: याला कुलूप नसतं. पातं फक्त कमानीच्या जोरावर उघडं राहतं. पाठीकडून दाब आला की ते मिटतं, आणि मध्ये असतात आपलीच बोटं.

माझा पहिला चाकू न गंजणारा होता. चकचकीत, रंगीत मुठीचा. पन्नास कलमांत त्याची धार उतरायची आणि पुन्हा चढवायला जीव मेटाकुटीला यायचा. हा दुसरा साध्या कार्बन पोलादाचा. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, वारा समुद्राचा, त्यात आंब्याचा चीक. पहिल्याच पावसाळ्यात पातं काळंनिळं झालं आणि मला हळहळ वाटली. मग कळलं की हा काळेपणा म्हणजे गंज नव्हे, उलट लाल गंजाला तो थोडाफार आवरतो. लाल गंज मात्र एका रात्रीत धरतो. म्हणून काम संपलं की ओल्या फडक्याने चीक पुसायचा, कोरडं करायचं, सांध्यात खोबरेलाचा एक थेंब सोडायचा.

आणि जेवणं झाली की निसण्यावर बसायचं. दगड पाण्याने भिजवायचा, धारेची बाजू दगडावर नेमकी तिच्या उताराला टेकवायची आणि हलक्या हाताने ओढत राहायचं. थोड्या वेळाने सपाट बाजूवरून अंगठा आडवा फिरवला की केसाएवढी कड लागते. पोलाद तिथवर झिजून पलीकडे वळलेलं असतं. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवून दोन-तीनदाच सरकवायची. कड निघून जाते. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात. ही दहा मिनिटं चुकली तर दुसऱ्या दिवशीच्या दोनशे काड्यांवर ती दिसतात. धार विकत मिळत नाही. चाकू विकत मिळतो, धार आदल्या रात्री करावी लागते.

म्हणून हा चाकू मी कुणाला देत नाही. घरच्या एका कार्यात पाहुण्यांपैकी कुणी तरी तो मांडवातली वायर सोलायला घेतला होता. धारेला तांदळाएवढा खांडा पडला. तो घालवायला तीन रात्री गेल्या आणि पातं कायमचं थोडं अरुंद झालं. तेव्हापासून सुतळी, पोती, वायर यांच्यासाठी खिळ्याला वेगळी सुरी टांगलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात पुतणी शिकायला आली. तिला मात्र मी तो आपणहून दिला. चार दिवस तिच्या पाचरा पळीसारख्या खोलगट येत होत्या. "काका, माझा हातच वाईट आहे," म्हणाली. पाचव्या दिवशी तिच्या समोर बसून नीट पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. ती डावरी. तिच्या हातात चाकू उलटा पडत होता: सपाट बाजू बाहेर आणि धारेचा उतार काडीकडे. पातं खोल शिरत होतं ते त्यामुळे. चार दिवस मी तिच्या हाताला दोष देत होतो आणि दोष होता चाकूच्या बाजूचा.

आबांचा चाकू पेटीत होता, झिजून पातळ झालेला. त्याची सपाट बाजू घासून तिथे उतार केला आणि जुन्या उताराची बाजू सपाट करत आणली. आठवडाभर रोज रात्री दगडाचं काळं पाणी ओघळत राहिलं. आबांनी वर्षानुवर्षं जपलेला कोन मी पुसून टाकत होतो. हात दोनदा थांबला. पण पेटीत पडून असलेली धार कुणाच्या उपयोगाची?

चाकू तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने त्याने पहिली पाचर तासली, पात्यावर टेकवली, उजेडाकडे धरली आणि काही न बोलता पुढचं रोप घेतलं. त्या दिवशी तिची साठ कलमं झाली. रात्री जेवून मी ओसरीवर येतो तर ती माझ्या आधी तिथे उभी, हातात आबांचा चाकू.

"काका, निसणा कुठे ठेवलाय?"