पाण्यावरचा आळ

आमच्या शहरात छतं गळायला लागतात ती एप्रिलात. आभाळ कोरडं ठाक, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फोनवर एखादे काका वैतागून विचारतात, "मिस्त्री, पाऊस तर झालाच नाही, मग गळतंय कामून?" छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला खरं तर हे विचारायची गरज पडू नये. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, अवेळी येतं, आणि आलं की सगळं भरून झाल्यावरही मोटर चालूच राहते. गच्चीवर दोन-दोन, तीन-तीन टाक्या. त्या रात्रभर भरून वाहतात, पाणी कठड्याच्या कोपऱ्यात साचतं आणि सकाळी देवघराच्या भिंतीवर ओल उमटते. धरण पैठणला, बोंब शहरात आणि गळती घरात.

बाकी काही नाही तरी या टंचाईचा आम्हा वॉटरप्रूफिंगवाल्यांना एक उपयोग होतो. पावसाळ्यात गळती शोधणं कठीण, कारण तेव्हा सगळंच ओलं असतं. एप्रिलात ओल दिसली की कुठेतरी खरंच वाट फुटलेली आहे हे नक्की. पण ओल दिसते तिथेच ती वाट असते असं मात्र नाही. पाणी कोब्याच्या भेगेतून आत शिरतं, कोबा आणि स्लॅब यांच्यामधून उताराने सरपटत जातं आणि विजेच्या वायरीसाठी स्लॅबमध्ये टाकलेला पाइप सापडला की त्यातून थेट दिवाणखान्यातल्या पंख्याच्या हुकापाशी उतरतं. पंख्याच्या बरोबर वर, गच्चीवर परातीएवढा डांबराचा गोल फासलेला मी कित्येक घरांत पाहिला आहे. डांबर चांगलं असतं, लावलेलंही चांगलं असतं. जागा तेवढी चुकलेली असते.

म्हणून आधी तळं करायचं. पावसाळी पाइपांची तोंडं बोळे मारून बंद करायची, गच्चीचे भाग पाडून मातीच्या पाळी घालायच्या आणि एकेका भागात दोन-तीन इंच पाणी भरून ४८ तास वाट बघायची. ज्या तळ्याच्या वेळी खाली ओल वाढेल, तो भाग दोषी. आमच्या उन्हात यात एक गोम आहे. पाणी गच्चीत मुरलं की हवेत उडून गेलं, हे पातळी बघून कळत नाही. त्यामुळे तळ्याशेजारी एक घमेलं पाण्याने भरून ठेवतो. घमेल्यातलं जेवढं कमी झालं तेवढं उन्हाने नेलं. तळ्यात त्याहून जास्त घटलं असेल, तर ते घरात गेलं. ही युक्ती मला वडिलांनी दिली. त्यांना कोणी दिली ते त्यांनी सांगितलं नाही.

दोष नेमका कुठे निघतो? बहुतेक वेळा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात. याला कारण पाऊस नाही. काँक्रीट तापलं की वाढतं. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की साधारण ३ मिलिमीटर लांब होतो. मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि पहाटे त्याच गच्चीवर गादी टाकून माणसं गारव्याला झोपलेली असतात. म्हणजे स्लॅब रोज ताणला जातो, रोज आखडतो. वर बांधलेला विटांचा कठडा त्याच्या तालात हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. त्यात भर म्हणजे वळीव. दिवसभर भाजून निघालेल्या छतावर संध्याकाळी अचानक गार सरी येतात आणि फट आणखी उकलते. त्या कोनात आम्ही मसाल्याची गोलाई देतो, तिला वाटा म्हणतात. वाटा सुबक दिसला की घरमालक खूश होतो, पण वाट्याखाली जाळी आणि लवचीक थर नसेल तर दोन उन्हाळ्यांत तोही फाटतो. छत फोडतं ऊन. पाणी नंतर येतं, उघड्या दारातून आत शिरतं, आणि आळ सगळा त्याच्यावर.

हे गिऱ्हाइकाला पटवणं हा कामाचा अर्धा भाग. लोकांना हवं असतं 'केमिकल'. "काहीतरी केमिकल मारा ना वरून," हे वाक्य गारखेड्यात, सिडकोत, पडेगावात एकाच सुरात ऐकू येतं. माझं केमिकलशी वैर नाही. पण उतार नसलेल्या गच्चीवर केमिकल मारणं म्हणजे पाण्याला मुक्कामाची परवानगी देणं. १०० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर एवढा तरी ढाळ पाहिजे. तो काढायचा तर जुना कोबा फोडावा लागतो, मलबा खाली उतरवावा लागतो, धूळ होते, शेजारी भांडतात. बादलीतलं पांढरं द्रावण ब्रशने लावणं सोपं. अर्थात पांढऱ्या रंगाचा एक खरा फायदा आहेच. तो ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो, फटी कमी पडतात. तो पाणी अडवतो म्हणून लावतात, आणि उपयोगी पडतो ऊन अडवतो म्हणून.

माझे वडील चुन्याचं काम करायचे. गुलमंडी, शहागंजकडच्या जुन्या वाड्यांवर चुना, सुरखी आणि विटांचे तुकडे यांचा थर घालायचा, गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपडत तो लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस चोपायचा. बायका ओळीने बसून चोपत असत. सिमेंटने हे सगळं मोडीत काढलं, कारण सिमेंट दुसऱ्या दिवशी कडक होतं आणि मजुरी वाचते. चुना मात्र एक गोष्ट करतो जी सिमेंटला तितकी जमत नाही. बारीक भेग पडली आणि त्यात पावसाचं पाणी गेलं, की न मुरलेला चुना त्यात थोडा विरघळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि भेग आपोआप बुजते. पाणीच भेग भरून काढतं.

चुन्याची ताकद बघायची असेल तर आमच्या शहरातल्या पाणचक्कीला जावं. गावाबाहेरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून तिथे आणलं आहे हे सगळे गाइड सांगतात, चक्कीपुढे फोटोही काढून घेतात. मला तिथला मोठा हौद बघायचा असतो. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या लांबलचक दालनाचं छत. जाडजूड खांबांवर पेललेलं. वर बारा महिने पाणी आणि खाली माणसं गारव्याला बसणार, असा हिशेब करून कोणीतरी अठराव्या शतकात हे बांधलं. आम्ही गच्चीवर ४८ तास पाणी ठेवतो आणि जीव मुठीत धरून बसतो.

याच्या उलट टोकाला आपलं मराठवाड्याचं माळवद. तुळया, त्यावर आडवी लाकडं, फांद्या-पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात याच्याइतकं गार घर नाही. ही माती चिकट, पाणी सहसा आत सोडत नाही, पण दर पावसात थोडी वाहून जाते. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वर नवी माती. आजोबांनी घातली, वडिलांनी घातली, मुलाने घातली. जुनी कोणी उतरवली नाही. गळती थांबत राहिली आणि डोक्यावरचं ओझं वाढत गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा जाड पण सैल दगडी भिंती कोसळल्या आणि हे ओझं झोपेतल्या माणसांवर आलं. मला ही गोष्ट कोबा घालताना हमखास आठवते. सिडकोतल्या जुन्या घरांवर लोक कोब्यावर कोबा घालायला सांगतात. जुना काढल्याशिवाय मी नवा घालत नाही. याच्यावरून कामं गेली आहेत.

पाणी, ऊन आणि ओझं झालं, आता वाऱ्याकडे येतो. वाऱ्याशी माझी खरी ओळख समुद्रावर झाली. धाकटी बहीण दापोली तालुक्यात दिलेली आहे, केळशीच्या बाजूला. ३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. टाळेबंदीचे दिवस, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर ई-पास. तो मिळाल्यावर स्क्रूच्या पेट्या, ड्रिल, ताडपत्र्या आणि दोन पोरं गाडीत घालून गेलो. वीज नव्हती, ड्रिल जनरेटरवर चालवलं. नारळ वाकून उभे होते, पोफळी मात्र काडीसारख्या मोडून छपरांवर पडल्या होत्या.

मी डोक्यात पाऊस घेऊन गेलो होतो. आमच्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो आणि तिथे ३,००० च्या वर. एवढ्या पावसाचं छप्पर म्हणजे काय असेल, हे बघायचं होतं. बघितलं ते भलतंच. बहिणीच्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी माझी पहिली शिकवणी घेतली. "वारा वरून नाय आला हो, खालून आला. मागलं दार फुटलं नि आढं हललं." याच्यापेक्षा नेमकं कुठल्या इंजिनिअरनेही मला सांगितलेलं नाही. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा ते खाली दाबत नाही, वर ओढतो. सगळ्यात जास्त ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी. त्यात दार-खिडकी फुटली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ, खालून रेटा.

त्या वाडीत मला एक फरक ठळक दिसला. मंगलोरी कौलांची घरं शंभर ठिकाणी उघडी पडली होती, पण वासे-रीपा बहुतेक जागेवर होत्या. कौलं सुटी असतात. चार उडाली की दाब निसटतो आणि सांगाडा वाचतो. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, तेव्हा त्यांनी वादळाचा विचार केला होता की नाही कोण जाणे. कौलं काढून हौसेने पत्रे टाकलेल्या घरांचं मात्र वेगळं झालं. पत्रा एकसंध. तो गेला तो अँगलसकट गेला, आणि वाऱ्याने नेऊन दुसऱ्याच्या वाडीत टाकला. शाकारणीला आता माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात, मग पत्रे येणारच. त्याला इलाज नाही. पण पत्र्याला धरून ठेवणारे हुक खाऱ्या वाऱ्याने गंजून खिळ्याएवढे बारीक झाले होते आणि वायसर वाळून भुगा झाले होते. दोन लाखांचं छप्पर पाच रुपयांच्या हुकावर टांगलेलं.

आम्ही केलं ते काम दिसायला साधं होतं. कडेच्या आणि आढ्याच्या ओळींत स्क्रू दाट लावले. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. वायसर रबरी, स्क्रू गंज न धरणारे. अँगल नुसते भिंतीवर टेकवलेले होते, ते भिंतीत धरून बांधले. पत्र्यावर पत्रा आमच्याकडे चार इंच चढवला तरी चालून जातं. तिथे सहा इंच लागतो, कारण तिकडचा पाऊस वाऱ्याबरोबर उताराने वर चढतो आणि जोडाखालून आत येतो. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला झोडपत गुजरातकडे गेलं. बहिणीची पडवीवरची चार कौलं गेली, मागचा पत्रा राहिला.

परत आल्यावर वाळूजकडच्या कामगार वस्त्या मला वेगळ्याच दिसायला लागल्या. पत्र्याची घरं आणि पत्र्यावर ठेवलेले दगड. हिशेब असा आहे: ताशी १२० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला ६५ किलोंच्या आसपास बळ लावतो, कडेला त्याहूनही जास्त. दहा फुटी पत्र्याचं क्षेत्र तीन चौरस मीटर धरलं, तर ओढ जाते जवळपास २०० किलोंवर. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोंच्या आत-बाहेर, वर दोन-तीन दगड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बळ चौपट होतं, हेही यात धरायला हवं. आमच्याकडे एवढा वारा क्वचितच, पण मे महिन्यातल्या वावटळी आणि वादळी वळीव थोडे नसतात. आणि तो दगड पत्र्याबरोबर उडाला, तर खाली कोणाच्या तरी डोक्यात पडतो. दगडाच्या जागी सहा स्क्रू मारायला मजुरी धरून फार पैसे लागत नाहीत. तरी सांगितलं की लोक म्हणतात, "घर भाड्याचं आहे, मालकाला सांगा." मालक म्हणतो, "भाडेकरूला सांगा."

सध्या माझी डोकेदुखी नवी आहे. २०२४ पासून 'सूर्यघर' योजनेमुळे गच्चीगच्चीवर सौर पॅनेलं चढताहेत. छताच्या दृष्टीने बघितलं तर फार चांगली गोष्ट. पॅनेलची सावली पडते, स्लॅब तापत नाही, सांधे कमी उकलतात. पण तेच पॅनेल तिरकं उभं राहून वारा झेलतं, म्हणून त्याच्या पायांना घट्ट पकड हवी, आणि ती पकड मिळवायला बसवणारी पोरं कोब्यात, मेंब्रेनमध्ये, कधी थेट स्लॅबमध्ये भोकं पाडून बोल्ट ठोकतात. सहा महिन्यांपूर्वी मी केलेल्या कामावर. बोल्ट नको म्हटलं तर पायाखाली काँक्रीटचे जड ठोकळे ठेवावे लागतात, आणि ठोकळे म्हटलं की ओझं आलं. नव्या स्लॅबवर मी ठोकळ्यांच्या बाजूने असतो. चाळीस वर्षांच्या घरावर, जिथे खालून पोपडे सुटून सळ्या दिसताहेत, तिथे ठोकळेही नको वाटतात आणि बोल्टही. अशा घरमालकाला मी सांगतो की आधी स्लॅबची डागडुजी, मग पॅनेल. तो विचारतो, अनुदान तोवर थांबेल का? याचं उत्तर माझ्याकडे नसतं. मी पॅनेलवाल्याचा नंबर मागून घेतो आणि दोघांनी एकदम गच्चीवर भेटायचं ठरवतो, सकाळी आठच्या आत, कारण नंतर तिथे उभं राहवत नाही.