घोडबंदरची घरघर आणि दोन बोर्ड

न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर रात्री उशिरा घोडबंदर रोडवरून जातात. त्यांची घरघर मला मोजायचीच आहे. त्यासाठी आवाजाच्या नमुन्यांवर आकडेमोड करणारा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) बोर्ड हवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी६७४८ बोर्डाचा ४५६ मेगाहर्ट्झ वेग आणि १२८ एमबी मेमरी भुरळ घालते. दुसरा, छोटा बोर्ड एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी १६८ मेगाहर्ट्झवर चालतो, रॅम १९२ केबी. पण मायक्रोफोन बोर्डवरच बसवलेला.

आज गणित मांडलं. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १०२४ बिंदूंचा एफएफटी (आवाज कंप्रतांच्या कप्प्यांत वाटणारं गणित) म्हणजे एकेक कप्पा ४७ हर्ट्झचा. जड ट्रकची घरघर पहिल्या दोन-तीन कप्प्यांतच गडप! वरच्या कंप्रता गाळून नमुने ८,००० वर आणले की कप्पा ८ हर्ट्झचा होतो, शिवाय दर हिशेबाला १२८ मिलिसेकंदांची सवड. एवढ्यात छोटा बोर्ड सहज पुरा पडतो. डिस्कव्हरीच घेते. पुढे रस्त्याकडेला बरेच मायक्रोफोन एकदम लावायचे ठरलं, तर सी६७४८ चा विचार करीन.